प्रतिलोम वाचनाचे ग्रंथ : इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा उलगडा करणाऱ्या स्वप्रकाशित वाङ्मयाचा विचार

१

तंत्रविषयक ग्रंथाचा लेखक बहुधा वस्तूच्या कर्त्याच्या बाजूने बोलत असतो. यंत्र कसे जुळवावे, कसे चालवावे आणि बिघडल्यास काय करावे, हे सांगणारी पुस्तके कर्त्याच्या ज्ञानाचा काही अंश वाचकाच्या हाती देतात. त्या अंशाची मर्यादा अर्थातच कर्ता ठरवितो. याहून निराळा असा ग्रंथांचा एक लहानसा वर्ग आहे. त्यातील लेखक वस्तूचा कर्ता नसतो. कर्त्याचे आराखडे, टिपणे व हेतू यांपैकी काहीही त्याला उपलब्ध नसते. त्याच्यापुढे असते ती केवळ तयार वस्तू : बाजारातून विकत आणलेली, पेटीत बंद असलेली, अबोल. त्या वस्तूवरून तिच्या रचनेकडे, आणि रचनेवरून कर्त्याच्या विचाराकडे तो एकेक पाऊल मागे जात असतो.

या व्यापारास इंग्रजीत 'रिव्हर्स इंजिनिअरिंग' हे नाव रूढ आहे. 'उलट अभियांत्रिकी' असे त्याचे शब्दशः भाषांतर करता येईल. परंतु मराठीत 'उलट' या शब्दाला विरोधाची आणि काहीशी वाकडेपणाची छटा आहे. उलट बोलणारा मनुष्य आपल्याला आवडत नाही, आणि उलटलेला मनुष्य तर मुळीच नाही. ज्या व्यवसायाकडे आधीच संशयाने पाहिले जाते, त्याच्या माथी असा शब्द मारणे न्याय्य होणार नाही. आपल्या शास्त्रीय परंपरेत 'अनुलोम' आणि 'प्रतिलोम' ही शब्दांची निर्विकार जोडी उपलब्ध आहे. संकल्पनेकडून वस्तूकडे जाणे हा अनुलोम क्रम. वस्तूकडून संकल्पनेकडे जाणे हा प्रतिलोम क्रम. म्हणून येथे 'प्रतिलोम अभियांत्रिकी' ही संज्ञा योजिली आहे.

एलियट चिकोफ्स्की व जेम्स क्रॉस यांनी १९९० साली या विषयातील संज्ञांची जी व्यवस्था लावून दिली, तीत एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली आहे. व्यवस्थेचे घटक ओळखणे, त्यांचे परस्परसंबंध निश्चित करणे आणि त्या सर्वांची अधिक अमूर्त पातळीवर मांडणी करणे, एवढेच या व्यापाराचे क्षेत्र होय. मूळ व्यवस्था बदलणे किंवा तिची प्रतिकृती काढणे हा त्याचा भाग नव्हे. ही व्याख्या बारकाईने पाहिली असता ती वाचनाची व्याख्या आहे असेच दिसून येईल. व्याकरणकार भाषेपुढे आणि लिपिशोधक अज्ञात शिलालेखापुढे नेमके हेच करीत असतो. मग अशा वाचनाचे जे ग्रंथ झाले, त्यांतील इतके ग्रंथ लेखकांना स्वतःच्या पदराला खार लावून का छापावे लागले, आणि त्या परिस्थितीचा त्या ग्रंथांच्या गुणदोषांवर काय परिणाम झाला, हा प्रश्न उपस्थित होतो. प्रश्न वरवर प्रकाशनव्यवहाराचा दिसतो. वस्तुतः तो ग्रंथाच्या स्वरूपाचा प्रश्न आहे.

२

इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या बाबतीत या वाङ्मयाची सुरुवात दुरुस्तीच्या गरजेतून झाली. अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात जॉन रायडर यांनी रेडिओसंचांच्या परिपथ-आकृत्यांचे जाडजूड संग्रह स्वतःच्याच प्रकाशनसंस्थेमार्फत काढण्यास प्रारंभ केला. त्यांतील आकृत्या मुख्यतः उत्पादकांकडून मिळविलेल्या असत. १९४६ साली हॉवर्ड सॅम्स यांनी 'फोटोफॅक्ट' या नावाने ज्या पुस्तिका काढल्या, त्यांची रीत याहून पुढची होती. तेथे बाजारात आलेला संच प्रत्यक्ष उघडून तपासला जाई आणि त्यावरून एकाच संकेतपद्धतीने नवी आकृती काढली जाई. दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला त्यामुळे प्रत्येक उत्पादकाची निराळी चित्रलिपी शिकावी लागत नसे.

तथापि या पुस्तिकांत निष्कर्ष होता, मार्ग नव्हता. आकृती कशी काढली, कोणती जोडणी प्रथम चुकीची वाटली, कोणत्या मोजमापाने शंका फिटली, हे वाचकाला कळण्याचे कारण नव्हते. कारागिराची गरज तेवढ्याने भागत असल्यामुळे त्याबद्दल कोणी तक्रारही केली नसावी. परंतु अशा पुस्तिकेचा वाचक त्या एका संचापुरताच शहाणा होतो. दुसरा संच समोर आला की त्याला दुसरी पुस्तिका हवी.

याच्या उलट टोकाचे उदाहरण भाषाशास्त्राच्या इतिहासात सापडते, आणि ते येथे निकष म्हणून उपयोगी पडण्यासारखे आहे. क्रीट बेटावरील 'लिनिअर बी' ही लिपी १९५२ साली मायकेल व्हेंट्रिस यांनी उलगडली. ते व्यवसायाने वास्तुविशारद होते. विद्यापीठाचे प्राध्यापक नव्हते. जानेवारी १९५१ पासून जून १९५२ पर्यंत त्यांनी आपल्या कामाची एकूण २० टिपणे टंकलिखित करून, त्यांच्या प्रती काढून, निवडक अभ्यासकांना टपालाने पाठविली. या लेखनाला कोणी प्रकाशक नव्हता. त्या टिपणांत अंतिम उत्तर जवळजवळ नाहीच. त्यांत आहेत तक्ते, चिन्हांचे परस्परसंबंध, मांडलेले आणि मोडलेले तर्क. लिपीमागची भाषा एट्रस्कन भाषेच्या नात्यातील असावी, असा व्हेंट्रिस यांचा दीर्घकाळचा ग्रह होता, आणि तो चुकीचा ठरला. ती भाषा ग्रीक असू शकेल, ही शक्यता त्यांनी मांडली ती शेवटच्या, विसाव्या टिपणात. आणि तीही विषयांतर म्हणून. त्यांच्या आधी अ‍ॅलिस कोबर यांनी चिन्हांना कोणताही उच्चार न देता केवळ शब्दांच्या बदलत्या शेवटांवरून त्या भाषेत विकारप्रक्रिया आहे, हे दाखविले होते. व्हेंट्रिस यांचे निष्कर्ष इतरांना तपासता आले ते हा सर्व मार्ग कागदावर उमटलेला होता म्हणून.

यावरून प्रतिलोम वाचनाच्या ग्रंथाची कसोटी सांगता येते. ग्रंथात उत्तर आहे की नाही हा दुय्यम प्रश्न होय. तो वाचून वाचकाला दुसऱ्या, ग्रंथात न आलेल्या वस्तूपुढे बसता येते काय, हा प्रधान प्रश्न होय.

३

या कसोटीला लावून पाहण्यासारखा सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे अँड्र्यू हुआंग यांचा २००३ साली प्रसिद्ध झालेला 'हॅकिंग द एक्सबॉक्स' हा होय. 'एक्सबॉक्स' हे मायक्रोसॉफ्ट कंपनीने नोव्हेंबर २००१ मध्ये बाजारात आणलेले खेळाचे यंत्र. आतून पाहता ते साध्या संगणकासारखेच होते. त्यात इंटेलचा ७३३ मेगाहर्ट्‌झ गतीचा प्रोसेसर होता. फरक एवढाच की, कंपनीची मोहोर असलेल्या कार्यक्रमाखेरीज दुसरे काहीही त्यावर चालू नये, अशी व्यवस्था केलेली होती. हुआंग हे तेव्हा अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत डॉक्टरेटचे विद्यार्थी होते. ही व्यवस्था कोठे व कशी बसविली आहे, याचा शोध त्यांनी घेतला.

ग्रंथाचा गाभा असलेले प्रकरण या शोधाचे आहे, आणि त्यातील तर्काची चाल पाहण्यासारखी आहे. कोणताही प्रोसेसर वीज मिळताच एका ठराविक पत्त्यावरून पहिली आज्ञा वाचतो. या यंत्राच्या सर्किट बोर्डवर एक फ्लॅश स्मृतिचिप उघड दिसत होती, आणि आरंभीचा कार्यक्रम तिच्यातच असला पाहिजे असे कोणालाही वाटले असते. हुआंग यांनी ती चिप वाचून काढली. आरंभाच्या आज्ञा तेथे होत्याही. परंतु त्या आज्ञांप्रमाणे पुढचा मजकूर उलगडून पाहता हाती निरर्थक अंकच लागत. तेव्हा त्यांनी त्या आज्ञांच्या जागीच फेरफार करून पाहिला. यंत्र पूर्वीसारखेच सुरू झाले. याचा अर्थ प्रोसेसर त्या आज्ञा वाचतच नव्हता. त्या केवळ देखाव्याच्या होत्या. खरा आरंभ दुसरीकडे कोठे तरी दडलेला होता.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला ही पद्धत ओळखीची वाटल्यावाचून राहणार नाही. एका ध्वनीच्या जागी दुसरा ठेवून अर्थ बदलतो का, हे पाहणे ही स्वनिमविचारातील विनिमयाची कसोटी होय. अर्थ बदलला तर ते दोन ध्वनी त्या भाषेत भिन्न मूल्याचे. न बदलला तर तो भेद केवळ उच्चारापुरता. हुआंग यांनी ध्वनींच्या जागी आज्ञा आणि अर्थाच्या जागी यंत्राची वागणूक ठेवली, इतकेच. बोलका निवेदक नसताना वस्तूकडूनच साक्ष कशी काढावी, याचे इतके स्वच्छ उदाहरण तंत्रविषयक लेखनात विरळा आढळेल.

पुढचा तर्क असा : खरा आरंभ बोर्डवरील दुसऱ्या एखाद्या चिपच्या पोटात असला पाहिजे, आणि तसे असल्यास त्या आज्ञांना प्रोसेसरपर्यंत पोहोचण्यासाठी बोर्डवरील तारांतून प्रवास करावा लागणार. तो प्रवास ऐकता आला तर चिप फोडण्याचे कारण नाही. ऐकण्याच्या जागा एकाहून अधिक होत्या. कोणत्या मार्गावर तारा किती, गती किती, तेथे सोल्डरिंग करणे कितपत शक्य, याचा हिशेब हुआंग यांनी वाचकासमोर मांडला आहे. शेवटी दोन प्रमुख चिपांमधील अरुंद पण अतिजलद मार्ग त्यांनी निवडला, त्यावर बसेल असा लहानसा जोडबोर्ड तयार केला आणि त्यावरून जाणारे संकेत एफ. पी. जी. ए. या जातीच्या चिपच्या साहाय्याने टिपले. दडलेला आरंभकार्यक्रम केवळ ५१२ बाइटांचा निघाला. त्यासोबत पुढचा मजकूर उलगडण्याची १२८ बिटांची गुप्त किल्लीही त्या तारांतून उघडपणे जात होती. इतक्या वेगाने जाणारे बोलणे कोणी ऐकू शकणार नाही, या विश्वासावर सगळी व्यवस्था उभी होती.

येथे लेखकाचा विवेक दिसून येतो. किल्ली हा एक आकडा आहे. तो कोणी कानात सांगितला तर ऐकणाऱ्याच्या ज्ञानात भर पडत नाही. देखाव्याच्या आज्ञांपासून तारांच्या निवडीपर्यंतची अनुमानांची साखळी हेच ज्ञान होय, आणि ग्रंथाने आपली पाने तिच्यासाठी खर्च केली आहेत.

दोष नाहीत असे नाही. ग्रंथाची सुरुवातीची प्रकरणे अगदी नवशिक्यासाठी आहेत : पेटी उघडणे, दर्शनी दिव्याच्या जागी निळा दिवा बसविणे, यू. एस. बी. जोडणी तयार करणे, बिघडलेला वीजपुरवठा बदलणे. त्यानंतर कूटलेखनाची ओळख येते आणि लगेच वर सांगितलेल्या शोधाचा कडा उभा राहतो. दिवा बसवू शकणाऱ्या हाताला अतिजलद तारांवर जोडबोर्ड बसविता येत नाही. या दोहोंमधील शिक्षण लेखकाने परिशिष्टांत टाकले आहे. सोल्डरिंग, सर्किट बोर्डची आखणी आणि एफ. पी. जी. ए. यांवरची परिशिष्टे चांगली असूनही ती वाचण्याची वेळ वाचकाला कोणी सांगत नाही. मध्ये मध्ये येणाऱ्या इतर शोधकांच्या मुलाखती स्वतंत्रपणे रंजक आहेत, परंतु त्या विवेचनाचा ओघ तोडतात. जाणत्या संपादकाने ही परिशिष्टे उचलून मधल्या जागी आणली असती.

४

मग हा संपादक कोठे गेला? या प्रश्नाचे उत्तर ग्रंथाच्या प्रकाशनाच्या हकिगतीत आहे. अमेरिकेत ऑक्टोबर १९९८ मध्ये 'डिजिटल मिलेनियम कॉपीराइट अ‍ॅक्ट' हा कायदा झाला. संरक्षित कृतीभोवती घातलेले तांत्रिक कुलूप चुकविणे आणि ते चुकविण्याची साधने पुरविणे, या दोन्ही गोष्टी त्याने निषिद्ध केल्या. परस्परसुसंगती, कूटसंशोधन व सुरक्षापरीक्षण यांसाठी काही अपवाद त्यात आहेत; परंतु त्यांच्या अटी इतक्या बारीक आहेत की, आपण अपवादाच्या आत आहोत की बाहेर हे लेखकाला आधी सांगता येत नाही. कुलूप कसे उघडले हे सांगणारा ग्रंथ 'साधन' ठरतो काय? या शंकेपोटी जॉन वायली या प्रकाशनसंस्थेने ठरलेला ग्रंथ सोडून दिला. हुआंग यांनी तो स्वतः छापून वाचकांकडून थेट मागण्या घेण्यास सुरुवात केली. २००३ च्या उन्हाळ्यात 'नो स्टार्च प्रेस' या लहान संस्थेने तो आपल्याकडे घेतला. ग्रंथातील कायद्यावरचे प्रकरण 'इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन' या संस्थेतील वकील ली टीन यांच्या लेखनावर आधारलेले आहे. तंत्रविषयक ग्रंथाला स्वतःच्या अस्तित्वाचे समर्थन स्वतःच्याच पोटात बाळगावे लागावे, ही गोष्ट बोलकी आहे.

दहा वर्षांनी, मार्च २०१३ मध्ये, हुआंग यांनी हा ग्रंथ सर्वांसाठी विनामूल्य खुला केला. जानेवारी २०१३ मध्ये मृत्यू पावलेल्या एरन स्वार्ट्‌झ या तरुण कार्यकर्त्याच्या स्मरणार्थ हे केले गेले. त्या वेळच्या खुल्या पत्रात हुआंग यांनी लिहिले आहे की, किल्लीचा शोध लागल्यावर संस्थेकडून पाठिंब्याची अपेक्षा असताना तिने अधिकृतपणे हात झटकले, आणि त्यांच्या प्रयोगशाळेने मात्र धैर्य दाखवून त्यांचा निबंध आपल्या मालिकेत प्रसिद्ध होऊ दिला. तो निबंध २००२ सालचा आहे. म्हणजे ज्ञान तेच, लेखक तोच. विद्यापीठीय निबंधाला वाट मिळाली, आणि सामान्य वाचकासाठी तेच ज्ञान ग्रंथरूपाने मांडू जाताच व्यापारी प्रकाशकाचा धीर सुटला. कायद्याला तज्ज्ञाच्या ज्ञानापेक्षा शिकविण्याची भीती अधिक वाटते, असे यावरून म्हणावयास हरकत नाही.

हा वाद येथेच संपला नाही. जुलै २०१६ मध्ये कूटशास्त्रज्ञ मॅथ्यू ग्रीन आणि स्वतः हुआंग यांनी अमेरिकेच्या सरकारविरुद्ध या कायद्याच्या घटनात्मकतेला आव्हान देणारा दावा दाखल केला. ग्रीन यांना संगणकसुरक्षेवर एक ग्रंथ लिहावयाचा होता आणि तो लिहिल्याने आपण गुन्हेगार ठरू, अशी त्यांना भीती होती. हा वाद अपील न्यायालयात पोहोचला तेव्हा सरकारी पक्षाने अशा विवेचक ग्रंथाला कायद्याची आडकाठी नाही अशी कबुली दिली, आणि न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये त्या भीतीला आधार उरला नाही असे धरले. कायदा मात्र कायम राहिला. २००३ साली प्रकाशकाला जे उत्तर हवे होते ते निदान एका लेखकापुरते मिळण्यास १९ वर्षे लागली. या मधल्या काळात किती हस्तलिखिते लिहिलीच गेली नाहीत, त्यांची गणना कोणत्याही ग्रंथसूचीत सापडणार नाही.

५

कायद्याच्या भीतीखेरीज स्वप्रकाशनाचे दुसरे कारण वाचकसंख्येचे आहे. याचे चांगले उदाहरण म्हणजे सिंगापूरचे केंग टिओंग एन्ग यांचा २०१५ सालचा 'द आर्ट ऑफ पीसीबी रिव्हर्स इंजिनिअरिंग' हा ग्रंथ. तो मागणीनुसार छपाईच्या पद्धतीने लेखकाने स्वतः काढला. त्यात कोणतेही कुलूप उघडावयाचे नाही. उत्पादक राहिला नाही, आकृत्या हरवल्या, आणि यंत्र मात्र अजून चालवावयाचे आहे, अशा वेळी जुन्या सर्किट बोर्डवरून त्याची परिपथ-आकृती पुन्हा कशी काढावी, एवढाच त्याचा विषय. हा विषय निरुपद्रवी असला तरी त्याचे वाचक जगभर विखुरलेले आणि थोडे. मोठ्या प्रकाशकाच्या हिशेबात ते बसत नाहीत.

या ग्रंथाची रीत हुआंग यांच्या अगदी विरुद्ध आहे. येथे साहस नाही, चिकाटी आहे. घटकांची यादी करावयाची, बोर्डच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावयाची, त्यांवरून आराखडा रेखाटावयाचा, तांब्याची प्रत्येक रेघ मल्टिमीटरने तपासावयाची, आणि मग त्या जोडण्यांना वाचनीय आकृतीचे रूप द्यावयाचे. रेखाटनासाठी लेखकाने महागडी खास साधने न घेता कार्यालयात आकृत्या काढण्यासाठी वापरले जाणारे 'व्हिजिओ' निवडले आहे. ही निवड तज्ज्ञांना गावठी वाटेल. पण ज्याच्यासाठी ग्रंथ लिहिला त्या एकट्या कारागिराचा विचार तीत आहे.

ग्रंथाचे मर्म शेवटच्या पायरीत आहे. कोणता पाय कोणत्या पायाला जोडला, याची पूर्ण यादी हाती आली म्हणजे परिपथ समजला असे होत नाही. शब्दसंग्रह म्हणजे व्याकरण नव्हे. त्या जोडण्यांतून येथे वीज स्थिर करणारा भाग, येथे संकेत वाढविणारा भाग, असे गट ओळखून ते कर्त्याने मनात ज्या क्रमाने मांडले असतील त्या क्रमाने कागदावर आणणे, हे खरे वाचन. ग्रंथाचे उपशीर्षक मूळ रचनेचे सौंदर्य उलगडण्याची गोष्ट करते, आणि ती अतिशयोक्ती नाही. अज्ञात कर्त्याविषयीचा आदर या लेखनात ठायी ठायी जाणवतो. प्रतिलोम अभियंता हा चोर असतो, या समजाला याहून चांगले उत्तर नाही. जो मूळ रचनेला नीटनेटक्या आकृतीचा मान देण्यासाठी आठवडेच्या आठवडे खर्च करतो, तो टीकाकार आहे. आपल्याकडे मल्लिनाथाला जो मान आहे त्या जातीचा.

स्वप्रकाशनाचा तिसरा प्रकार हुआंग यांच्याच २०१६ सालच्या शेंझेनविषयक मार्गदर्शिकेत दिसतो. शेंझेन येथील हुआचियांगबेई हा इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचा विस्तीर्ण बाजार. चिनी भाषा न येणाऱ्या अभियंत्याने तेथे खरेदी कशी करावी, यासाठी हे पुस्तक वाचकांकडून आगाऊ वर्गणी घेऊन काढण्यात आले. त्यातील कित्येक पानांवर इंग्रजी व चिनी शब्द शेजारी शेजारी छापलेले आहेत. ग्राहकाने बोट ठेवावे, विक्रेत्याने वाचावे. पुस्तकाची बांधणीही बाजारात एका हातात उघडे राहील अशी कड्यांची आहे. रूढ प्रकाशकाने ही बांधणी आणि ही पाने खर्चाच्या नावाखाली प्रथम कापली असती. येथे स्वप्रकाशनामुळे ग्रंथाचा घाट त्याच्या उपयोगाला अनुसरू शकला. मात्र हे पुस्तक वाचनाची रीत शिकवीत नाही, साधने पुरविते. वर सांगितलेल्या कसोटीने ते कोशाच्या वर्गात बसते आणि त्याचे मूल्यमापनही कोश म्हणूनच व्हावयास हवे.

६

या तीन उदाहरणांवरून स्वप्रकाशनाचा लाभ आणि तोटा दोन्ही स्पष्ट होतात. लाभ असा की, मार्ग सुरक्षित राहतो. व्यापारी प्रकाशकाचा कल कृतीकडे असतो : अमुक करा, तमुक मिळेल. कायद्यालाही मार्गाच्या वर्णनाचेच भय. या दोन्ही कात्र्यांतून सुटलेला लेखक आपले अडलेले, फसलेले, पुन्हा वळलेले पाऊल पानावर ठेवू शकतो. तोटा असा की, दुसऱ्या डोळ्याने पाहणारा कोणी उरत नाही. हुआंग यांच्या ग्रंथातील परिशिष्टांची जागा चुकली ती त्यामुळेच. कथाकादंबरीत अशी उणीव वाचकाला रसभंगाच्या रूपाने जाणवते. येथे आकृतीतली एक चुकलेली रेघ वाचकाचे यंत्र जाळू शकते.

म्हणून जो स्वतः प्रकाशक होतो त्याने प्रकाशकाची कर्तव्येही अंगावर घेतली पाहिजेत. त्यांपैकी प्रमुख कर्तव्य हे की, छापण्यापूर्वी ग्रंथ एखाद्या अनभिज्ञ पण कुशल माणसाच्या हाती द्यावा, त्याच्यासमोर तोच बोर्ड ठेवावा, आणि तो कोठे थांबतो ते मुकाट्याने पाहावे. लिपिशोधनात अशी परीक्षा आपोआप झाली. व्हेंट्रिस यांच्या तक्त्यांत न आलेली एक नवी मृण्मुद्रा पिलॉस येथील उत्खननातून पुढे आली, आणि तीवर काढलेल्या भांड्यांच्या चित्रांशी त्यांच्या वाचनाप्रमाणे येणारे शब्द जुळले. न पाहिलेल्या वस्तूवर रीत चालते की नाही, हे असे ठरते.

मराठीत असा ग्रंथ लिहावयाचा तर कायद्याची अडचण अमेरिकेइतकी तीव्र नाही. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्याचे ५२ वे कलम परस्परसुसंगतीसाठी माहिती मिळविण्यास आणि संगणककार्यक्रमाच्या कार्याचे निरीक्षण व अभ्यास करण्यास अटींसह मुभा देते. २०१२ साली जोडलेल्या ६५-अ कलमाने कुलूप चुकविणे दंडनीय केले, तरी कायद्याने स्पष्टपणे न निषेधिलेल्या हेतूसाठी आणि कूटसंशोधनासाठी त्यात वाट ठेवली आहे. चिपांच्या आराखड्यांविषयीचा २००० सालचा कायदाही संशोधन व अध्यापन यांसाठी केलेल्या उपयोगाला भंग मानीत नाही.

अडचण आहे ती भाषेची, आणि ती वाटते तितकी मोठी नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा कोणत्याही तालुक्याच्या गावी मोबाइल दुरुस्त करणारा कारागीर आकृतीवाचून बोर्ड वाचतो. 'शॉर्ट काढणे', 'जंपर मारणे' अशी त्याची धातुरूपे तयार आहेत. इंग्रजी नाम आणि मराठी क्रियापद यांचा हा संसार सुखाचा चालला आहे. या बोलीला हाकलून तिच्या जागी संस्कृतनिष्ठ संज्ञांची फौज आणणारा ग्रंथ त्या कारागिराला परका वाटेल. त्याचे अनुमान त्याच्याच क्रियापदांत, पण शिस्तीने आणि क्रमाने लिहिणारा ग्रंथ मात्र त्याच्या हाताला डोळे देईल. आज ते ज्ञान उस्तादाकडून शागिर्दाकडे तोंडी जाते आणि दुकान बंद झाले की संपते.

विकत घेतलेली वस्तू वाचण्याचा अधिकार आपल्याला आहे काय, हा प्रश्न न्यायालये सावकाश सोडवीत राहतील. परंतु वाचन ही शिकविण्याची विद्या आहे, आणि शिकविण्याचे साधन ग्रंथ आहे. ज्या लेखकांनी आपला मार्ग आपल्या खर्चाने छापून ठेवला, त्यांच्या ग्रंथांतील उपकरणे आज अडगळीत गेली आहेत. एक्सबॉक्सचे ते पहिले यंत्र आता कोणी विकत घेत नाही. तरीही त्यावरचा ग्रंथ वाचला जातो, कारण देखाव्याच्या आज्ञा ओळखण्याची त्यातली रीत दुसऱ्या कोणत्याही बोर्डपुढे तितकीच उपयोगी पडते. भाष्य मूळ वस्तूहून अधिक काळ टिकले, आणि ते का टिकले याचे कारणही त्यातच लिहिलेले आहे.